विश्रामबाग वाड्याचे सेवेसी

श्रीमंत विश्रामबाग वाडा, मुक्काम सदाशिव पेठ, पुणे, यांचे सेवेसी विनंती विशेष.

दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वामींना उभे केले ते निवांत राहण्यासाठी. परंतु नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई हरून धनी पुण्याबाहेर पडले, पुढील वर्षी सालीना ८ लाखांच्या नेमणुकीवर ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळील बिठूरला, विश्रांतीस गेले, आणि विश्रामाचे नाव मिरवणाऱ्या स्वामींच्या नशिबी मात्र तेव्हापासून चाकरी आली.

पहिली चाकरी विद्येची. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना जे द्रव्य वाटत त्यास दक्षिणा म्हणत. त्यातील काही भाग वळवून दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याने १८२१ मध्ये स्वामींच्या चौकांत संस्कृत पाठशाळा काढली, पुढे तीत इंग्रजी शिरली, आणि याच मुळापासून वाढलेल्या डेक्कन कॉलेजाने अंगात बळ येताच येरवड्याकडे बिऱ्हाड हलवले. शिकली-सवरली मुले वाडा सोडतात, हा अनुभव स्वामींना पेठेतील इतर घरमालकांच्या कितीतरी आधी आला.

मे १८७९ मध्ये बुधवार वाड्यासह स्वामींनाही आग लागली. बुधवार वाडा नामशेष झाला. स्वामींचे दर्शनी अंग जळूनही पुन्हा उभे राहिले. विसाव्या शतकात नगरपालिका, मग महानगरपालिका आत शिरली, आणि सुरूच्या झाडासारखे निमुळते असल्याने सुरूदार म्हणवणाऱ्या कोरीव खांबांच्या आडोशाला कारकुनांची टेबले लागली. तळमजल्यावर टपाल कचेरी नांदली, वर शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन मांडले गेले.

इतिहासप्रेमी मंडळी यास विटंबना म्हणतात. त्यांनी शनिवारवाड्याकडे पाहावे: १८२८ च्या आगीनंतर तेथे तट, दरवाजे आणि जोती एवढेच उरले, वाडा पुन्हा कोणी बांधला नाही. स्वामींना तगवले ते गौरवाने नव्हे, कचेऱ्यांच्या गरजेने. ज्या छपराखाली दप्तरे भिजतात त्याची गळती सरकारलाही काढावी लागते.

तेव्हा यापुढे कोणी केवळ स्मारक होण्याचे निमंत्रण घेऊन आल्यास स्वामींनी आधी कामाचे विचारावे. धाकट्या बाजीरावाच्या वाड्याचा पत्ता थोरल्या बाजीरावांच्या रस्त्यावर लागतो, यावरून कोणी टोमणा मारल्यास मनावर घेऊ नये; टपाल कचेरी पदरी बाळगलेल्यास पत्ता चुकण्याचे भय नाही. बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंती.