वाढत्या अंगाचा कोरिया

सदाशिव पेठेतून कोरियाला जायला स्कूटरवरून दहा मिनिटं लागतात. व्हिसा लागत नाही. पार्किंग लागतं, आणि ते व्हिसापेक्षा अवघड आहे.

हा शोध आमच्या कन्येचा. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे कॉलेजात नावापुरती, बाकी मुक्काम सोलमध्ये. लहानपणापासून ती मला अप्पा म्हणते. कोरियातही बापाला अप्पाच म्हणतात हे तिला गेल्या वर्षी एका मालिकेतून कळलं. तेव्हापासून आपण मूळचे तिकडचेच असा तिचा समज आहे आणि अप्पा बळवंत चौक हा तिचा पुरावा. त्याच्याशी मिळताजुळता दुसरा शब्द ओप्पा. त्याचा अर्थ मुलीचा मोठा भाऊ. पण मालिकांत कपाळावर केस आलेला कुठलाही देखणा मुलगा ओप्पा असतो. एकदा ती टीव्हीकडे बघत "ओप्पा किती गोड दिसतो!" म्हणाली. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच मला आपादमस्तक निरखून पाहिलं, आणि काही न बोलता परत आत गेली.

तर रविवारी संध्याकाळी फर्मान निघालं. "अप्पा, मला कोरियन पँट घ्यायचीय. चला."

दारातच आईने अडवलं. तिला हल्ली कमी ऐकू येतं. "काय आणायला चाललात?"

"कोरियन पँट, आजी."

"कोरीच आण हो. कुणाची घातलेली नको. आणि जरा मोठी बघ, धुतल्यावर आटते."

आम्ही झेड पुलावरून मुठा ओलांडली. कठड्याला टेकून जोडपी उभी होती. मुलींच्या तोंडांना स्कार्फ असा बांधलेला की सख्ख्या बापानेही ओळखू नये. तो बांधण्यामागे हेतू तोच असावा. पलीकडे मेट्रोचं डेक्कनचं स्टेशन. त्याचं छप्पर मावळ्याच्या पगडीसारखं केलंय. शहरात घालायला डोकी उरली नाहीत, तेव्हा निदान स्टेशनला तरी घालू, असा विचार झाला असणार.

पार्किंगसाठी चार फेऱ्या मारल्या. आज तारीख सम की विषम, आणि आपण रस्त्याच्या कुठल्या बाजूला, हे गणित सोडवेपर्यंत सुटलेली जागा दुसरा पटकावतो. तिसऱ्या फेरीला गाड्या उचलणारा टेम्पो आमच्या पुढेच चालला होता; त्याने उचललेल्या जागी आपण शिरावं असा एक क्षण मोह झाला. शेवटी स्कूटर इतक्या लांब लावली की तिथून घर जवळ होतं.

पायी निघालं की कोरियाच्या आधी हाँगकाँग लागतं. डेक्कनची हाँगकाँग लेन. कानातली, मोबाइलची कव्हरं, पर्सा, केसांचे चाप, आणि या सगळ्यांतून कडेकडेने सरकणारी माणसं. आमच्या तरुणपणी परदेशाला पुण्यात हाँगकाँग म्हणत. आता कोरिया म्हणतात. गल्ल्या त्याच.

त्यापुढे कोरिया, म्हणजे फर्ग्युसन रस्ता. त्याचं कागदोपत्री नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले रस्ता आहे. त्या नावाने रिक्षा सांगून पाहा, रिक्षावाला "कोणत्या गावात?" असं विचारील. फर्ग्युसन हे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं नाव. त्यावरून 1885 साली कॉलेजचं नाव पडलं, कॉलेजवरून रस्त्याचं, आणि आता फक्त 'एफसी' उरलंय. गोखल्यांनी या कॉलेजात शिकवलं, राज्यकारभार करणाऱ्या इंग्रजांना आकडेवारीने घाम फोडला, पण 'एफसी'पुढे त्यांचंही काही चाललं नाही.

पहिल्याच दुकानात मला साक्षात्कार झाला. हँगरवर एक शर्ट होता. त्याचा खांदा माझ्या कोपरापर्यंत येत होता आणि बाही मनगटाच्या पुढे जाऊन कुणाची तरी वाट बघत होती.

"हा चुकून मोठा शिवलाय," मी म्हणालो.

"अप्पा, ड्रॉप शोल्डर. ओव्हरसाइज. कोरियन!"

अहो, कोरियन कसला! हा तर वाढत्या अंगाचा. 1980 साली मी पाचवीत गेलो तेव्हा आईने लक्ष्मी रस्त्यावर नेऊन अगदी हाच शर्ट घेतला होता. दुकानदार माझं माप घेत होता आणि आई त्याला माझं भविष्य सांगत होती. "अजून दोन इंच सोडा. वाढत्या अंगाचा आहे." पाचवीत त्या शर्टाच्या आत मी शोधावा लागे, सातवीत तो बेताचा झाला, आठवीत तो धाकट्या भावाकडे गेला आणि भाऊ दिसेनासा झाला. चड्डीची तीच कथा. तिला आत दुमडलेली चार बोटं शिलकीत असत, दरवर्षी एक बोट उसवायचं. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या ड्रॉप शोल्डर घालून शाळेत गेल्या आणि कुणीही आमचे फोटो छापले नाहीत.

कन्येने मला थांबवलं आणि सोलमधल्या दोंगदेमुन बाजाराची माहिती दिली. तिथला घाऊक धंदा रात्री चालतो. कापड, बटणं, लेस, शिवणारे कारागीर, विकणारे, सगळे एकमेकांना खेटून. कागदावर काढलेली कल्पना काही दिवसांत शिवून टांगलेली असते. म्हणजे आपलं रविवार पेठेतलं कापडगंज, शिंपी आणि तुळशीबाग एका आवारात कोंबून रात्रभर जागं ठेवायचं. हे मला पटलं. फक्त तुळशीबागेच्या पोटात रामाचं देऊळ आहे, तशी सोय त्यांच्याकडे नसावी.

पुढच्या स्टॉलवर सगळंच कोरियन होतं. कोरियन टॉप, कोरियन पँट, कोरियन मोजे, कोरियन चाप. विकणारा पोरगाही कपाळावर केस सोडलेला.

"काका, एकदम कोरियन माल."

"कुठून येतो?"

"कोरियातून."

"कोरियात कुठून?"

त्याने आजूबाजूला पाहिलं, माझ्या वयाचा मान राखला आणि हळूच म्हणाला, "उल्हासनगर."

मी समोर कॉलेजकडे पाहिलं. 1905 साली याच फर्ग्युसनचे विद्यार्थी असलेल्या सावरकरांनी परदेशी कापडाची होळी केली. 10 रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं. आता त्याच कॉलेजच्या शेजारी देशी शिंप्याने देशी मशिनवर शिवलेली पँट कोरियन नाव घेऊन उभी. स्वदेशी संपली नाही. भूमिगत होऊन काम करतेय. उलट आमच्या घरात खरीखुरी कोरियन कंपनीची वस्तू एकच, फ्रीज, आणि त्या कंपनीचा कारखाना रांजणगावात. महागणपतीच्या गावचा कोरिया आणि उल्हासनगरचा कोरिया यांत आपला कुठला, हे ठरवायला तिथे वेळ नव्हता, कारण कन्येने एक पँट माझ्या कमरेला लावून पाहिली होती.

"तुम्हालाही घेऊ. फ्री साइज आहे."

फ्री साइज हा शब्द पन्नाशीतल्या माणसाला फार दिलासा देतो. शिंपी पोटावर टेप लावून जो आकडा मोठ्याने ओरडतो, तो इथे कुणी विचारत नाही. रंग राखाडी, घेर लेंग्याचा, कमरेला इलॅस्टिक, आणि पुढे एक नाडी लोंबत होती. ओढून पाहिली तर हातात आली. "ती शोसाठी आहे, काका," पोरगा म्हणाला आणि परत खोचून दिली.

साडेतीनशेला एक, सहाशेला दोन. मी चारशेला दोन म्हणालो. तो हसला, मी निघालो, त्याने हाक मारली, मी ऐकलं नाही, त्याने परत मारली. पाचशे. या विधीला कोरियात काय म्हणतात ते कन्येला ठाऊक नव्हतं. पण पँटला काय म्हणतात ते होतं.

"बाजी."

मी भर फुटपाथवर थबकलो. "काय?"

"बाजी! त्यांच्या हानबोक पोशाखातसुद्धा पुरुष अशीच ढगळ बाजी घालायचे. घोट्याशी बांधायचे."

ज्या शहरात बाजीरावांच्या नावाचा रस्ता आहे, त्या शहरात मी बाजी पाचशेत दोन घेतली होती. पिशवी छातीशी धरली. तुकाराम पादुका चौकात येईपर्यंत मन शांत झालं. आषाढवारीला पालख्या याच रस्त्याने शहरात येतात. लेंगा-सदऱ्यातले हजारो वारकरी चालत असतात, सगळे ढगळ, सगळे ऐसपैस. फॅशन नवी म्हणणारे त्या दिवशी बहुधा घरी बसत असावेत.

परदेशातलं जेवण उडुप्याकडे केलं. नंबर लागायला चाळीस मिनिटं, डोसा संपायला सात.

घरी आईने पँट चिमटीत धरून कापड पाहिलं. "कोरीच दिसते. पण ही नाडी खोटी आहे रे. दे, मी खरी ओवते."

"नको आई. कोरियन आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घालून दूध आणायला निघालो. खालच्या मजल्यावर इतिहासाचे निवृत्त सर राहतात. ते पेपर घेऊन जिन्यात उभे होते.

"काय अप्पा, लेंगा नवा?"

"लेंगा नाही सर. बाजी."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "थोरले की दुसरे?"

मी उत्तर देणार एवढ्यात कमरेशी काहीतरी सैल पडल्याचं जाणवलं. शोची नाडी ओढली. ती हातात आली. दुधासाठी घेतलेली रिकामी पिशवी तिथेच टाकली, दोन्ही मुठींनी घेर आवळला आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी वर पळत सुटलो.

"असं होय," खालून सरांचा आवाज आला. "दुसरे!"