हिशोब मागणारे पालक

पूर्वीचा पालक कसा गुणी होता! पोराला शाळेत आणून सोडायचा, ‘मांस तुमचं, हाडं आमची’ म्हणायचा आणि थेट निकालालाच परत उगवायचा. हल्लीचा पालक भलताच चौकस. त्याला कराचा हिशोब हवा असतो.

आता हिशोब म्हणाल तर तो फार सोपा आहे. २००४ साली केंद्राने करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसवला. आपण भरला. २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का. तोही भरला. २०१८ मध्ये आरोग्यालाही त्याच पंगतीत बसवून आयकरावरचा उपकर ४ टक्के झाला. भरतोच आहोत. कॅगने मध्येच नाक खुपसून सांगितलं, की २००६-०७ ते २०१७-१८ या काळात माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या नावाने जमलेले सुमारे ९४ हजार कोटी रुपये त्यासाठीच्या स्वतंत्र निधीत गेलेच नाहीत. जाणार कसे? त्या निधीला मंजुरीच मुळी २०१७ च्या ऑगस्टमध्ये मिळाली! पण पैसे कुठे बाहेर गेले का? देशाच्या एकत्रित निधीतच होते. पोरीच्या फीसाठी काढलेले पैसे घरखर्चात गेले तर त्याला कोणी अफरातफर म्हणत नाही. पोरगी वर्गाबाहेर उभी राहते, एवढंच.

शिवाय उपकराची रक्कम केंद्राला राज्यांबरोबर वाटून घ्यावी लागत नाही. म्हणजे शाळा चालवायच्या, गुरुजींचे पगार करायचे प्रामुख्याने राज्याने. शिक्षणाचं नाव लावून पैसे गोळा करायचे दिल्लीने. मनाला येईल तेवढे परत द्यायचे, वर त्याला योजना म्हणायचं. पण महाराष्ट्रालाही रडायचा अधिकार नाही. १९६२ च्या कायद्यापासून आपण मालमत्ता करातून राज्याचा शिक्षण उपकर देतो आहोत. मुंबईच्या बिलात तर महापालिकेचा वेगळा आणि राज्याचा वेगळा. एवढं शिक्षण झाल्यावर बिल भरणारा हिशोब मागायला शिकला, यात त्याचा काय दोष?

करसवलतीचं गणित तर फारच सुंदर आहे. खासगी शाळेची भक्कम फी भरणाऱ्याला जुन्या कररचनेत, दीड लाखाच्या मर्यादेत, वजावट मिळते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरगं घालणाऱ्याला फीच नाही, मग वजावट कसली? त्याने सरकारी शाळेवर विश्वास ठेवला, हेच बक्षीस. आणि त्या विश्वासाला पुरवणी म्हणून क्लास लावला, तर त्या फीवर १८ टक्के जीएसटी आहेच.

राज्य सरकारचाही आपल्या शाळांवर गाढ विश्वास आहे. २०२३ मध्ये त्याने वीसच्या आत पट असलेल्या शाळा गुंडाळून ‘समूह शाळा’ करायचे प्रस्ताव मागवले. शिवाय देणगीदारांनी शाळा दत्तक घ्याव्यात अशी योजनाही काढली. (आई-बाप हयात असताना पोर दत्तक द्यायची हौस फक्त आपल्याकडेच.) आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तेच सरकार म्हणालं, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेने गरिबांच्या २५ टक्के जागा भरायची गरज नाही. पालक उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती आली, जुलैमध्ये तो नियमच रद्द झाला. अशा पालकांना आवरायला हवं.

सगळा घोळ शिक्षण हक्क कायद्याने केला. त्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक बसवले, वर निम्म्या महिला. मग व्हायचं ते होतं. जिल्हा परिषदेच्या अशाच एका शाळेतली बैठक डोळ्यांसमोर आणा. वर्गात लोकवर्गणीतून आलेला टीव्ही आहे. धूळ बसू नये म्हणून त्यावर भरतकाम केलेला रुमाल आहे. रुमाल हलवायचं कारण पडत नाही, कारण बिल थकल्यामुळे वीज तोडली आहे. शेतावरून थेट आलेल्या एक बाई विचारतात, “गुरुजी, वर्षाला किती पैसे येतात आपल्याला?”

गुरुजी प्रामाणिक आहेत. शंभराच्या आत पट असल्यावर संयुक्त शाळा अनुदान जास्तीत जास्त पंचवीस हजार, तेही येईल तेव्हा. त्यातच वीजबिल, खडू, रजिस्टरं, डागडुजी. दहा टक्के स्वच्छतेला ठेवायचे.

“आणि आम्ही भरतो ते?”

“तुम्ही कुठे आयकर भरता, ताई?”

“घरपट्टी भरते. सिमेंटवर भरला, मोबाइलवर भरला. पोराच्या वहीवरसुद्धा परवापरवापर्यंत भरत होते.”

सभा चिडीचूप. सरपंचांना अचानक फोन आला. तालुक्याला, जिल्ह्याला, मंत्रालयाला हिशोब मागणारं पत्र पाठवावं, असं बाईंचं म्हणणं पडलं. गुरुजींनी ते शांतपणे ऐकलं. पुढच्या बदलीचा विचार केला आणि इतिवृत्ताची वही ओढली. ठराव क्रमांक ४ : सन्माननीय सदस्यांनी शाळेच्या आर्थिक बाबींवर मौलिक चर्चा केली, थकीत वीजबिल लोकसहभागातून भरण्याचे सर्वानुमते ठरले. सूचक म्हणून बाईंचंच नाव घातलं आणि सहीसाठी वही त्यांच्याकडे सरकवली.