दाढेचं ऑडिट

(दातांचा दवाखाना. खुर्चीत गाल सुजलेले निवृत्त ऑडिटर. शेजारी एक्स-रे हातात घेतलेली तरुण डॉक्टर.)

ऑडिटर : तोंड उघडण्याआधी थोडा तपशील हवा. अनुभव किती?

डॉक्टर : बीडीएसची इंटर्नशिप धरून पाच वर्षं, एमडीएसची तीन आणि दवाखाना टाकून चार.

ऑडिटर : शिकण्यात आठ, कामात चार. खर्च जास्त, जमा कमी. आणि डोक्यावर एक पांढरा केस नाही!

डॉक्टर : काका, काम दाढेत करायचंय.

ऑडिटर : मग अनुभवाने फरक पडतो की नाही? काय ते एक सांगा.

डॉक्टर : पडतो ना. ही तुमची वरची पहिली दाढ. मुळं किती दिसतात?

ऑडिटर : तीन.

डॉक्टर : मग कॅनल किती असतील?

ऑडिटर : तीन. सरळ हिशेब आहे.

डॉक्टर : नवखा इथेच फसतो. गालाकडच्या पुढच्या मुळात आणखी एक कॅनल दडलेला असतो. या दाढेत निम्म्याहून अधिक वेळा चौथा निघतो. तो साफ करायचा राहिला की जंतू आत, वरून सिमेंट पक्कं, आणि काही महिन्यांनी गाल पुन्हा असा.

ऑडिटर : म्हणजे बेहिशेबी मालमत्ता! सापडते कशी?

डॉक्टर : भिंगातून बघत, बारीक फाईलने चाचपत. फाईलचं टोक 0.1 मिलिमीटर जाड.

ऑडिटर : तीच ना, आत तुटते ती? आमच्या शेजाऱ्यांची तुटली होती.

डॉक्टर : मुरलेल्या हातातही तुटते कधी कधी. पण फाईल अडली की नवखा जोर लावतो, सरावलेला हात ती मागे घेतो.

ऑडिटर : आमच्या खात्यात फाईल अडली की वजन ठेवावं लागे.

डॉक्टर : इथे वजन ठेवलं की फाईल तुटते.

ऑडिटर : खातं स्वच्छ दिसतंय! मग तीस वर्षं झालेल्या डॉक्टरांकडेच का जाऊ नये?

डॉक्टर : जरूर जा. फक्त त्यांना एक विचारा, केलेल्या दाढा वर्षाने परत बोलावून एक्स-रे काढता का? ठणका थांबला म्हणजे काम जमलं, असं नसतं. मुळाशी झिजलेलं हाड भरून आलं का, ते एक्स-रेमध्येच कळतं. आपलं जुनं काम जो परत उघडून बघत नाही, त्याच्या हाताला चूक कळणार कशी?

ऑडिटर : (खुर्चीत ताठ बसत) अहो, हे तर लेखापरीक्षण! आधी बोलला असतात तर वेळ वाचला असता.

डॉक्टर : आता तुमचं दप्तर बघू. दाढ कधीपासून दुखते?

ऑडिटर : गेल्या गणपतीत गार पाण्याने कळ यायची. लवंगेचं तेल लावलं. दिवाळीत कळ आपोआप थांबली. बरी झाली म्हणून विषय बंद केला.

डॉक्टर : थांबली, कारण आतली नस मेली.

ऑडिटर : आणि आम्ही तिच्या नावाने फराळ केला!

डॉक्टर : आता इन्फेक्शन मुळाशी पोचलंय. अशा दाढेत यशाची शक्यता थोडी घटतेच, डॉक्टर कितीही मोठा असो. ती वजाबाकी माझ्या अनुभवातून नाही, तुमच्या अनुभवातून.

ऑडिटर : (आवंढा गिळत) पुढे चला. आत कशाने धुणार?

डॉक्टर : सोडियम हायपोक्लोराईट.

ऑडिटर : ते तर कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं!

डॉक्टर : हो, म्हणून आधी रबर डॅम. दाढेभोवती रबरी पडदा ताणून बसवायचा. औषध घशात जात नाही, लाळ दाढेत जात नाही. 1864 साली न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने काढलेली युक्ती.

ऑडिटर : आणखी काही फायदा?

डॉक्टर : पेशंटला बोलता येत नाही.

ऑडिटर : थांबा, माझे अजून सतरा प्रश्न...

(रबर डॅम बसतो. दवाखान्यात शांतता. ऑडिटर खिशातून कागद-पेन काढून लिहितात : ‘कॅप मार्चनंतर बसवली तर चालेल?’)

डॉक्टर : नाही. रूट कॅनल कितीही सुरेख झालं तरी कॅपवाचून दाढ उभी चिरू शकते. मग ती उपटायचीच. तिथे माझा अनुभव कामाचा नाही, तुमचं चेकबुक कामाचं.

(ऑडिटर नाइलाजाने ‘मंजूर’ लिहून सही करतात, तारीख घालतात. डॉक्टर भिंगात डोळे घालून बराच वेळ चाचपत राहते.)

डॉक्टर : सापडला, काका! चौथा कॅनल!

(ऑडिटर कागद पालटतात आणि ठळक अक्षरांत लिहितात : ‘आक्षेप क्र. 1 : सदर कॅनल मूळ अंदाजपत्रकात नव्हता. खुलासा करावा.’)