खुनी सापडेपर्यंत खून स्थगित

स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री पत्नीसह चित्रपट पाहून स्टॉकहोमच्या रस्त्याने पायी घरी निघाले असता पाठीमागून झाडलेल्या गोळीने मारले गेले, आणि ते रिव्हॉल्व्हर काही सापडले नाही. दोषसिद्धी, म्हणजे अमुकाने गुन्हा केला असा न्यायालयाचा निष्कर्ष, हाती आल्याखेरीज शीर्षकात ‘खून’ लिहायचे नाही, असे व्रत घेतलेल्या कोशसंपादकाची येथे मोठीच तारांबळ उडाली असती. कारण १९८९ मध्ये खालच्या न्यायालयाने एकाला जन्मठेप ठोठावली आणि त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, म्हणजे पाल्मे यांचा काही महिने रीतसर खून होऊन त्यांना पुन्हा साध्या ‘मृत्यू’वर यावे लागले असते. २०२० मध्ये सरकारी वकिलांनी वीस वर्षांपूर्वी वारलेल्या संशयिताचे नाव घेऊन तपास बंद केला, तेव्हा तर शीर्षकाची परवानगी स्मशानातूनच आणावी लागली असती.

कोणी मारले हे ठाऊक नसणे निराळे आणि मारले की नाही हेच ठाऊक नसणे निराळे, एवढे पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारालाही कळते. सावधगिरी खर्चायची ती ‘संशयित’, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ यांची सरमिसळ टाळण्यात, कारण तेथे जित्या माणसाच्या अब्रूचा प्रश्न असतो. परंतु ती सगळी मृताच्याच वाट्याला घालून काही संपादक ‘गोळी लागून निधन’ असे लिहितात, जणू त्या रात्री गोळीच एकटी फिरायला बाहेर पडली होती.