पूर्ण लसीकृत, एकही डोस न घेता

आमच्या कचेरीचे बडेबाबू पूर्ण लसीकृत होते. त्यांनी लशीचा एकही डोस घेतला नव्हता. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि त्यांच्यातलं भांडण २७ नोव्हेंबर २०२१ रोजी खुद्द महाराष्ट्र शासनानं मिटवलं. त्या दिवशीच्या आदेशात ‘पूर्ण लसीकरण झालेली व्यक्ती’ म्हणजे कोण, याची व्याख्या दिली होती. एक, जिचे दोन डोस होऊन वर चौदा दिवस उलटले ती. दोन, जिला प्रकृतीच्या कारणानं लस घेता येत नाही आणि तसं मान्यताप्राप्त डॉक्टरचं प्रमाणपत्र जिच्यापाशी आहे ती. आणि तीन, अठरा वर्षांखालची.

दुसरी पुन्हा वाचा. लस न चालणाऱ्याला सूट दिली, असं शासन म्हणत नाही. त्याचं लसीकरण झालं, असं म्हणतं. जे अद्वैत समजावून सांगायला शंकराचार्यांना अवघा देश पायी पालथा घालावा लागला, ते मंत्रालयात एका पोटकलमात बसलं. घेतली आणि न घेतली यांत भेद नाही. भेद आहे तो फक्त कागद असण्यानसण्यात.

आमचे बडेबाबू आदेश वाचत नाहीत, चाखतात. अमरावतीच्या पंचवटी चौकातला चहा थंड होईपर्यंत त्यांनी तो कागद तीनदा चाखला आणि म्हणाले, “भाऊ, या दुसऱ्या कलमात लय जीव हाय.”

जीव होताच. त्या आदेशाप्रमाणे दुकान असो, मॉल असो की समारंभ, तिथं राबणारा माणूस पूर्ण लसीकृत पाहिजे आणि येणारं गिऱ्हाईकही. नियम मोडणाऱ्या माणसाला ५०० रुपये दंड, तो ज्या आस्थापनेत मोडला तिला १०,००० आणि संस्थेनं स्वतःच मोडला तर ५०,०००. तिकडे औरंगाबादेत जिल्हाधिकाऱ्यांनी निदान एक डोस झाल्याशिवाय पेट्रोल आणि रेशन देऊ नका म्हणून फर्मावलं होतं, ठाण्याच्या महापालिकेनं आपल्या कर्मचाऱ्यांना ‘लस नाही तर पगार नाही’ असं सांगितलं होतं. मुंबईच्या लोकलमध्ये तर १५ ऑगस्टपासूनच दोन डोसवाल्यांनाच जागा. (दोन डोसवाल्यांनाही जागा नव्हतीच, पण शिरायचा हक्क होता.) पगाराला हात लागतोय म्हटल्यावर आमच्या कचेरीत एकाएकी आजार बाहेर यायला लागले. एकाला पित्त, एकाला वात, एकाला बायकोची ॲलर्जी आणि बायकोला लशीची.

आता जरा मागं जाऊ. २०२१च्या फेब्रुवारीत देश निर्धास्त होता तेव्हा करोनाची दुसरी लाट पहिल्यांदा अमरावती-अकोल्यानं पाहिली. पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी २२ फेब्रुवारीपासून आठवड्याचं लॉकडाऊन लावलं, आणि आपण देशाच्या पुढं आहोत असं वाटण्याचा प्रसंग वऱ्हाडाच्या वाट्याला बऱ्याच वर्षांनी आला. सिंचनात नाही, रस्त्यात नाही, निदान लाटेत तरी. पुढे मे महिन्यात अठरा वर्षांवरच्या सर्वांना लस खुली झाली आणि लसच संपली. तेव्हाचं सगळं आठवतं मला. पहाटे उठून मोबाइलवर स्लॉट शोधणारे, शहरात मिळाला नाही म्हणून पन्नास कोस दूरच्या खेड्यातल्या केंद्रावर गाडी घेऊन जाणारे, तिथल्या गावकऱ्यांच्या आधी टोचून घेऊन परत येणारे. ओळखीच्या नर्सबाईंना लोणचं पोचवणारे. त्या महिन्यात अख्ख्या वऱ्हाडात एका माणसाला लशीची ॲलर्जी असल्याचं मी ऐकलं नाही. ॲलर्जीची साथ आली ती लस मुबलक झाल्यावर.

या साथीचं निदान डॉक्टरांनी करायचं होतं. केंद्राच्या सूचना पाहिल्या तर लस अजिबात नको अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी: आधीच्या डोसनं किंवा लशीतल्या एखाद्या घटकानं ज्यांना तीव्र रिॲक्शन आली ते. बाकीच्यांना म्हणजे नुकताच करोना होऊन गेलेल्यांना नुसतं थांबायला सांगितलं होतं, तीन महिने. गरोदर बायांनाही जुलै २०२१मध्ये परवानगी मिळाली. बीपी, शुगर, गुडघे, ‘मले सुईचं भ्या वाटते’ यांपैकी काहीही यादीत नव्हतं. उलट बीपी-शुगरवाल्यांना आधी घ्या म्हणून सांगत होते. पण आमच्याकडे दाखला हा आजारावर मिळत नाही, ओळखीवर मिळतो. बडेबाबूंचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्या साडूचे वर्गमित्र. त्यांनी नाडी न पाहताच लिहून दिलं. बडेबाबूंनी कागद फाइलला लावला, मस्टरवर सही केली आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं संपूर्ण लसीकरण झालं. दंडही दुखला नाही.

बडेबाबूंना हे नवीन नव्हतं. प्रमाणपत्राच्या शास्त्रात आमचा जिल्हा आधीपासून पारंगत आहे, त्याचं श्रेय दुर्गम मेळघाटाला द्यावं लागेल. धारणी-चिखलदऱ्याला बदली होणार अशी कुणकुण लागली की अमरावती शहरात हृदयविकार पसरतो. शिक्षकांच्या बदल्यांत गंभीर आजाराचा आणि दिव्यांगांचा एक विशेष संवर्ग आहे. ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांना तो मिळायलाच हवा, म्हणून तर तो केला. पण ‘अवघड क्षेत्रा’च्या यादीत गावाचं नाव दिसताच धडधाकट माणसाचा मणका सरकतो, हे वैद्यकशास्त्राला अजून उलगडलेलं नाही. निवडणुकीच्या कामाचं पत्र आलं की तीच तऱ्हा. मतदानयंत्र उचलायचं म्हटलं की खांदा निखळतो आणि निकालाच्या दिवशी विजयी उमेदवाराला उचलून घ्यायला तोच खांदा सगळ्यांत पुढं.

त्याच मेळघाटात लशीबद्दल अफवा होत्या, हे खरं. आरोग्याच्या लोकांना पाड्यापाड्यावर कोरकू बोलीतून समजावत फिरावं लागलं. त्यावर शहरातल्या वर्तमानपत्रांनी ‘अंधश्रद्धेचा विळखा’ म्हणून मथळे केले. कोरकू माणसानं भूमकाचं, म्हणजे आपल्या वैदूचं ऐकून लस टाळली तर ती अंधश्रद्धा. बडेबाबूंनी साडूच्या वर्गमित्राचं ऐकून टाळली तर ते वैद्यकीय कारण. फरक एवढाच की भूमका लेटरहेड छापत नाही.

वैद्यकीय वाट बडेबाबूंनी अडवल्यावर आमच्या चपराशानं निराळं दार ठोठावलं. त्यानं व्हॉट्सॲपवर वाचलं होतं, अमेरिकेत म्हणे धर्माच्या नावावर सूट मिळते. “साहेब, तिकडं देवाचं नाव घेतलं का सुट्टी. आपल्याकडं तेहतीस कोटी हायेत, एकबी कामाचा नाई का?”

प्रश्न रास्त होता. अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्यानं मालकाला कर्मचाऱ्याच्या श्रद्धेची शक्य तेवढी सोय पाहावी लागते, म्हणून कित्येकांना एकाएकी श्रद्धा आठवली. ओक्लाहोमातल्या एका पाद्र्यानं तर सूटपत्राचा नमुनाच इंटरनेटवर ठेवला. पोप फ्रान्सिस लस घेणं हे प्रेमाचं कृत्य आहे म्हणून सांगत होते, पण स्वतःच्या सवडीपुढं पोपचंही कोण ऐकतो. आर्कान्सातल्या कॉनवे गावच्या इस्पितळानं मात्र खरी वऱ्हाडी शक्कल काढली. लशीच्या चाचण्यांत गर्भाच्या पेशींपासून वाढवलेल्या पेशी वापरल्या म्हणून आमच्या धर्माला ती चालत नाही, असं कर्मचारी म्हणू लागल्यावर इस्पितळानं त्यांच्यापुढं दुसरा फॉर्म ठेवला: अशाच पेशींवर तपासलेली तीसेक नेहमीची औषधं, त्यात तापाची गोळी, ॲसिडिटीची गोळी, तीही आपण घेत नाही आणि घेणार नाही, असं लिहून द्या. श्रद्धा तापाच्या गोळीपाशी किती टिकली कोण जाणे.

पण आमच्या चपराशाचं प्रकरण फॉर्मपर्यंतही गेलं नाही. महाराष्ट्राच्या आदेशात धार्मिक सूट नव्हतीच, हे तर झालंच. शिवाय देवच आमच्या बाजूचे निघेनात. दुपारच्या डब्याला आम्ही एकेकाचा विचार केला. देवळं उघडली ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, आणि दुसऱ्याच दिवशी शासनानं लसीकरणाची ‘मिशन कवच कुंडल’ मोहीम काढली, रोज पंधरा लाख डोस द्यायचे म्हणून. म्हणजे महाभारत आधीच सरकारनं नेलेलं. (नाव ठेवणाऱ्याला कर्णाची पुढची गोष्ट ठाऊक नसावी. ती कवचकुंडलं त्यानं दान करून टाकली आणि मग तो मारला गेला.) अंबादेवी, एकवीरा यांच्याकडे जावं तर भाषाच आडवी येते. आपल्या मराठीत रोगाचं नाव देवी, वणाचं नाव देवी आणि लस टोचण्याला म्हणायचं ‘देवी काढणं’. गावाच्या शिवेवर मातामायचं ठाणं होतं, तिला नारळ फोडायचा आणि तसंच पुढं जाऊन शाळेत देवी काढून घ्यायची. दोन्हीत कोणाला विसंगती दिसली नाही. माझ्या दंडावर अजून दोन आहेत. देशातून देवी गेल्या १९७५ साली, दंडावरच्या राहिल्या. आता त्याच देवीच्या नावानं लस नको म्हणायचं म्हणजे पुजाऱ्यानंच मूर्तीला जात विचारावी तसं.

मग चपराशी म्हणाला, संताच्या नावानं पाहू. संत म्हणजे आमच्याकडे गाडगेबाबा. विद्यापीठ त्यांच्या नावाचं, समाधी इथं. हातात खराटा घेऊन आयुष्यभर लोकांना नवस करू नका, बकरं मारू नका, पोरांना शिकवा म्हणून सांगत फिरलेला माणूस. त्याच्या नावानं लशीतून सूट मागायची, तर खराटा कोणावर पडेल हे चपराशाला न सांगताच कळलं. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी इर्विन रुग्णालयात जाऊन टोचून आला. ताप आला तर गोळीही घेतली.

खऱ्या श्रद्धेनं लस नाकारणारे होऊन गेलेत, त्यांची थट्टा मी करणार नाही. गांधीजींना देवीची लस मान्य नव्हती, तसं त्यांनी लिहूनच ठेवलं. इंग्लंडात १८९८च्या कायद्यानं मुलाला लस न देणाऱ्या बापाला सूट दिली, पण आधी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं राहून आपला विवेक खरा आहे हे पटवून द्यावं लागे. १९०७पासून नुसतं प्रतिज्ञापत्र पुरे झालं. विवेकाचासुद्धा दाखला! आमच्याकडे दाखल्याची सोय आजही तहसीलात होऊन जाईल, विवेकाचीच तेवढी अडचण आहे. परवा एक वकीलमित्र सांगत होते, हवाई दलात नऊ जणांनी लस नाकारली होती आणि एकाला काढून टाकलं, असं केंद्रानं गुजरातच्या उच्च न्यायालयाला सांगितलं. एवढ्या मोठ्या दलात नऊ. आमच्या एका मजल्यावर अकरा होते.

शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर २ मे २०२२ रोजी न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांनी निकाल दिला. गवईसाहेब आमच्या अमरावतीचे, पुढं देशाचे सरन्यायाधीश झाले, त्यामुळे बडेबाबूंनी निकाल घरच्यासारखा वाचला. शरीर ज्याचं त्याचं, कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही. सरकारचं लसीकरणाचं धोरण मनमानी नाही. पण आजची रुग्णसंख्या पाहता लस न घेतलेल्यांवरची बंधनं योग्य प्रमाणात नाहीत, ती मागं घ्यावीत, अशा अर्थाचा तो निकाल. “पाहा,” बडेबाबू म्हणाले, “मी काय म्हणत होतो?” ते काहीच म्हणत नव्हते. ज्या माणसाला न्यायालयानं ‘माझं शरीर, मी लस घेणार नाही’ असं उघड म्हणायचा हक्क दिला, तो माणूस कधीच तसं म्हणाला नव्हता. त्याला नाही म्हणायचं नव्हतं. त्याला दाखल्यावर ‘घेता येत नाही’ म्हणायचं होतं. शिवाय निकालाच्या महिनाभर आधी, १ एप्रिललाच, राज्यानं सगळे निर्बंध उठवले होते.

एक सांगायचं राहिलं. आमच्या आवक-जावकच्या ताई. त्यांना पहिल्या डोसनंतर खरोखर त्रास झाला होता; अंग सुजलं, श्वास अडकला, रात्रभर सलाईन. त्यांना दाखला हवा होता. त्या रुग्णालयात गेल्या तर या टेबलावरून त्या टेबलावर. एक म्हणाला तज्ज्ञ रजेवर आहेत, एक म्हणाला नमुना यायचा आहे, एकानं विचारलं, “बाई, तुमाले खरंच झालं होतं का?” खरं झालेल्याला हा प्रश्न विचारतात, साडूच्या वर्गमित्राला कोणी विचारत नाही. त्या तीन महिने हेलपाटे घालत राहिल्या आणि मधले दिवस बिनपगारी लावले.

इकडं बडेबाबूंची मुलगी न्यू जर्सीला बाळंत व्हायची होती. अमेरिकेनं ८ नोव्हेंबर २०२१पासून विमानानं येणाऱ्या परदेशी माणसाला पूर्ण लसीकरण सक्तीचं केलेलं, आणि आपलं दुसरं कलम तिथं चालत नव्हतं. बडेबाबूंनी बडनेऱ्याला जाऊन गुपचूप कोव्हॅक्सिन घेतली. कोविशील्डच्या दोन डोसांत बारा ते सोळा आठवडे, हिच्यात चारच. जीवघेणी ॲलर्जी अठ्ठावीस दिवसांत बरी झाली. रजेच्या अर्जाला त्यांनी पंतप्रधानांच्या फोटोचं प्रमाणपत्र जोडलं आणि अर्ज आवकला दिला.

ताईंनी फाइल काढली. आत ॲलर्जीचा दाखला, वर दोन डोसचं प्रमाणपत्र. “बडेबाबू, यातलं कोणतं नोंदवू?”

“दोन्ही नोंदव.”

“म्हणजे तुमचं दोनदा पूर्ण लसीकरण झालं.”

“झालं तर झालं. शासनाले काय नुकसान हाय?”

ताईंचा स्वतःचा दाखला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला, तीन सह्या आणि गोल शिक्का असलेला. निर्बंध उठून दहा दिवस झाले होते. त्यांनी स्वतःच त्यावर आवक क्रमांक टाकला, तारीख घातली आणि कागद टोपलीत टाकायला गेल्या, तेवढ्यात बडेबाबूंनी हात धरला.

“फेकू नको बाई. निवडणूक येऊन राह्यली.”