स्ट्रेंग्थ नव्वद, क्वालिटी शून्य

टीव्हीवरचा माझा सगळ्यात आवडता कार्यक्रम म्हणजे सेटिंग्ज. दोन आडव्या पट्ट्या, वरची स्ट्रेंग्थ, खालची क्वालिटी. मालिकांमध्ये महिनोन्महिने काही हलत नाही. इथे सेकंदासेकंदाला काहीतरी घडतं. घरचे बातम्यांसाठी खोळंबलेले असताना मी रिमोट धरून या पट्ट्यांचं रसग्रहण करतो, आणि कुणी ‘झालं का?’ विचारलं की ‘सिग्नल बघतोय’ असं अशा आवाजात सांगतो, जणू तिकडे श्रीहरिकोट्याचे लोक माझ्या होकारासाठी थांबलेत.

या पट्ट्यांबद्दल समाजात घोर अज्ञान आहे आणि माझी बरीचशी प्रतिष्ठा त्यावरच उभी आहे. लोक म्हणतात, ‘सिग्नल नव्वद दाखवतोय, मग चित्र का नाही?’ इथे मी किंचित हसतो. अहो, स्ट्रेंग्थ म्हणजे वायरमधून एकूण किती ताकद आत येतेय, एवढंच. त्यात आपला उपग्रह असेल, त्याच्या शेजारचा असेल, नाहीतर डिशपुढच्या दांडीवर बसलेल्या एलएनबीची स्वतःचीच खरखर असेल. छत्री रिकाम्या आकाशाकडे धरली तरी वरची पट्टी खुशाल साठ-सत्तर दाखवू शकते. त्यातलं आपल्या कामाचं किती आणि ते बिनचूक वाचता येतंय का, हे खालची पट्टी सांगते. जत्रेतला गलका म्हणजे स्ट्रेंग्थ. त्या गलक्यात आपल्या माणसाची हाक ओळखू येणं म्हणजे क्वालिटी. शिवाय हे टक्के काही बोर्डाच्या परीक्षेतले नव्हेत, प्रत्येक बॉक्स आपल्या मर्जीने मार्क देतो. त्यामुळे ‘आमच्याकडे पंच्याऐंशी असतो’ म्हणून मिरवणाऱ्यांना मी मनातल्या मनात नापास करतो.

आई चिपळूणजवळच्या घरी एकटी असते. तिच्याकडे फ्री डिश आहे. गेल्या पावसात तिचा फोन आला, ‘सह्याद्रीच्या बातम्यांत बाईचं तोंड चौकोन चौकोन होतंय रे.’ मी होकायंत्र, कोनमापक आणि अमाप आत्मविश्वास घेऊन निघालो.

अंगणात उभा राहून मी आईला समजावलं. आपला उपग्रह जीसॅट-१५. विषुववृत्ताच्या डोक्यावर ३५,७८६ किलोमीटर उंच, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. इथून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर. छत्री एक अंश चुकली की तिकडे सहाशे किलोमीटरहून जास्त फरक पडतो. आई म्हणाली, ‘पण छत्री तर समोरच्यांच्या पडवीत बघतेय.’ या प्रश्नाचीच मी वाट बघत होतो. ही छत्री ऑफसेट असते. तिचं तोंड दिसतं त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरचं ती ऐकत असते. तोंड पडवीकडे, कान आभाळाकडे. ‘म्हणजे आपल्या काकूसारखी,’ आई म्हणाली.

आता उपग्रहाचा विषय निघाला की मला क्लार्क सांगितल्याशिवाय राहवत नाही. आर्थर सी. क्लार्क. १९४५ साली, उपग्रह नावाची वस्तू अजून कुणी उडवलेलीही नसताना, या माणसाने ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये लिहिलं की पृथ्वीच्या फिरण्याच्याच गतीने फिरणारी तीन केंद्रं वर ठेवली की साऱ्या जगाला प्रक्षेपण पुरेल. पृथ्वीवरून ती जागच्या जागी उभी दिसतील. म्हणून तर आपली छत्री एकदा आवळली की वळवावी लागत नाही! त्याच्या कल्पनेतल्या केंद्रांवर माणसंही राहणार होती. पुढे हा गृहस्थ कोलंबोत स्थायिक झाला. १९७५ मध्ये भारताने ‘साइट’ प्रयोग केला, अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट टीव्ही. खेड्यांतल्या अँटेना कसल्या, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या, दहा फुटी! आणि आपल्या इस्रोच्या इंजिनिअरांनी तशी एक अँटेना क्लार्कच्या घरीही बसवून दिली. विचार कर आई, ज्याने हे सगळं आधी कागदावर मांडलं, त्याच्याच घरी तीस वर्षांनी...

‘त्याच्या दारात आंबा होता का?’ आईने विचारलं.

मी आग्नेयेला बघितलं. अण्णांनी लावलेला रायवळ आंबा. छत्री बसवली तेव्हा तो खांद्याइतका होता. आता त्याची एक भरदार फांदी बरोब्बर ५९ अंशांवर पसरली होती. या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या. पावसाचे थेंबसुद्धा त्यांना गिळतात, मग भिजलेल्या पानांचं काय सांगावं!

मला डिजिटलचा खरा राग आहे तो इथे. जुन्या अँटेनावर चित्र बिघडायचं ते हळूहळू. मुंग्या यायच्या, सावली पडायची, पण मुंग्यांमधूनही माणूस ओळखू यायचा, आवाज पोचायचा. हे नवं तंत्र शेवटपर्यंत ‘मी ठणठणीत आहे’ सांगतं आणि एका संध्याकाळी एकदम गप्प होतं. अण्णांचंही तसंच झालं. तक्रार म्हणून कधी नव्हतीच. त्यानंतर संध्याकाळी त्या घरात बोलणारं असं बातम्यांतल्या बाईशिवाय दुसरं कोणी उरलेलं नाही.

‘एक फांदी छाटली की झालं,’ मी म्हटलं.

‘झाड त्यांनी लावलंय, छत्री तू लावलीस. तुझी छत्री हलव.’

बाजारातून एक पोरगा आला. होकायंत्र नाही, कोनमापक नाही. शेजारच्या छत्र्या कुठे बघतात ते त्याने बघितलं, गोठ्याच्या बाजूला पाइप ठोकला, छत्री त्याच दिशेला धरली आणि मग दोन बोटांनी तिची कड किंचित ओढून सोडली. ओढली की क्वालिटी उतरते, सोडली की चढते. वर-खाली, डावी-उजवीकडे सगळीकडे सारखीच उतरली म्हणजे नेम बसला. नट आवळताना छत्री सरकू नये म्हणून आळीपाळीने थोडे थोडे पिळले. मी त्याला क्लार्क सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, ‘काका, जरा वायर धरा.’

संध्याकाळी बाईचं तोंड अखंड दिसलं. आई म्हणाली, ‘झाड अजून वाढणार. परत आडवं येईल, तेव्हा तुला यावं लागेल हलवायला.’

गोठ्यापासूनचं अंतर मी आधीच मोजलं होतं. तिथे आडवं यायचं तर त्या आंब्याला मागच्या माडांच्या डोक्यावरून जावं लागेल. आकडा तोंडावर आला होता.

‘यावं लागेल खरं,’ मी म्हटलं. ‘आता गणपतीतच येऊन एकदा बघून जातो.’