जॉइंट कस्टोडियन

कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहणारी माणसं आपल्याकडे घरोघरी असतात. आमच्या बिल्डिंगमधले अण्णा हे त्या पंथाचे महंत. फरक एवढाच, की त्यांचं कुलूप आता पेनड्राइव्हच्या पोटात असतं आणि ते ओढून पाहता येत नाही. ही रुखरुख त्यांच्या मनात कायम आहे. म्हणून ते टोपण ओढतात.

अण्णांचं आयुष्य बँकेत गेलं. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोन, त्या दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्यादुकट्याने दार उघडायचंच नाही. अण्णा वर्षानुवर्षं त्यातले एक जॉइंट कस्टोडियन. निरोप समारंभात सगळे रडत होते तेव्हा ते शांतपणे वडा खात होते. पण किल्ली सुपूर्द केल्याची रजिस्टरवर सही करताना मात्र त्यांचा हात थरथरला, असं काकू सांगतात. पुढे बरेच दिवस ते उगाच खिसा चाचपायचे. शेवटी मुलीने त्यांना अंगावर इवलंसं कीपॅड असलेला पेनड्राइव्ह आणून दिला, आणि हातांना काम मिळालं.

"हा साधा पेनड्राइव्ह नव्हे," हे वाक्य ज्याने ऐकलेलं नाही असा माणूस आमच्या जिन्यात नाही. अगदी गॅस सिलिंडरवाल्यानेही ऐकलंय. "यातली चिपच माहिती लिहिता लिहिता एन्क्रिप्ट करते. एईएस! 256 बिटची किल्ली! ती चिपच्या बाहेर कधी येत नाही. तुमचा पिन म्हणजे ती किल्ली नव्हे बरं का, पिनने फक्त किल्लीची पेटी उघडते." म्हणूनच पिन बदलला तरी आतला ऐवज नव्याने लिहावा लागत नाही, आणि किल्ली पुसून टाकली की सगळा ऐवज एका क्षणात भुसा. हे सगळं खरं आहे, हे मुद्दाम सांगतो. कारण अण्णांचा आवेश पाहून ऐकणाऱ्याला उलटीच शंका येते.

"आणि पिन दहा वेळा चुकला तर?" हा प्रश्न आपण विचारायचा असतो. आपण विचारत नाही, म्हणून तेच विचारतात आणि कीर्तनकाराच्या थाटात आख्यान लावतात. स्टीफन थॉमस, राहणार सॅन फ्रान्सिस्को. बिटकॉइन म्हणजे काय हे समजावणारा व्हिडिओ केला म्हणून 2011 मध्ये या गृहस्थाला 7,002 बिटकॉइन मिळाले. त्यांच्या किल्ल्या त्याने आयर्नकी नावाच्या कुलूपबंद ड्राइव्हमध्ये ठेवल्या, पासवर्ड कागदावर लिहिला आणि कागद हरवला. 2021 च्या जानेवारीत ही कथा जगभर झाली तेव्हा ऐवज होता 22 कोटी डॉलरच्या घरात आणि दहापैकी आठ प्रयत्न संपले होते; दहावा चुकला की ड्राइव्ह कायमचा बंद. ऐकणारे हळहळतात. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र तेज चढतं. "खुद्द मालक समोर बसलाय, पण चिप हलली नाही! याला म्हणतात कस्टोडियन!"

मुलगी पुण्यात आयटीत आहे. तिला बापाची चेष्टा करायला आवडतं. जर्मनीतल्या तज्ज्ञांनी 2010 मध्ये नामांकित कंपन्यांचे, अमेरिकी सरकारी प्रमाणपत्र मिळालेले पेनड्राइव्ह कसे उघडले ते तिने त्यांना सांगितलं. पासवर्ड कुठलाही असो, ड्राइव्हला 'उघड' म्हणून जाणारा निरोप दरवेळी एकच होता. अण्णा ढिम्म. "कारण पासवर्ड तपासत होता कॉम्प्युटर! माझ्यात चिप तपासते." माझ्यात, म्हणजे पेनड्राइव्हमध्ये.

मग तिने 2018 काढलं. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांना काही एसएसडींमध्ये असं आढळलं, की तपासणी ड्राइव्हच करतो खरा, पण पासवर्डचा आतल्या किल्लीशी संबंधच नाही. पहारेकऱ्याला फितवलं की झालं. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनेही अशा ड्राइव्हच्या कुलपावर विसंबणं सोडून स्वतःचं कुलूप घालायला सुरुवात केली. हा घाव वर्मी बसला. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र प्रसन्न चेहऱ्याने दार वाजवलं: आता आत सॉफ्टवेअरचं कुलूप, बाहेर हार्डवेअरचं. "दोन किल्ल्या! आम्ही काय वेगळं करत होतो?"

एवढ्या बंदोबस्तात आहे काय? एफडीच्या पावत्या, पेन्शनचे कागद, सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त (ते जिन्यातल्या फळ्यावरही लावलेलं असतं) आणि काकूंच्या कैरीच्या लोणच्याचं प्रमाण. काकूंना ते तोंडपाठ आहे आणि त्या ते विचारेल तिला सांगतात.

दर एप्रिलला मात्र व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेत फॉर्म द्यायचा असतो आणि घरी प्रिंटर नाही. या खेपेला झेरॉक्सच्या दुकानात मी त्यांच्या मागेच उभा होतो. आतलं, सॉफ्टवेअरचं कुलूप अण्णा घरीच काढून आले होते. ते परक्या कॉम्प्युटरवर उघडायचं नाही असा त्यांचा दंडक. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डाव्या तळहाताचा आडोसा केला, अंगठ्याच्या नखाने एकेक बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकला, हिरवा लागला. मग अदबीने ड्राइव्ह पोऱ्याच्या हाती दिला.

पोऱ्याने तो खोचला. उघडलेला ड्राइव्ह कॉम्प्युटरला साध्या पेनड्राइव्हसारखाच. फॉर्मची फाइल त्याने ओढून डेस्कटॉपवर टाकली, दोन प्रती काढल्या, दहा रुपये घेतले.

"पाहिलंस?" ड्राइव्ह परत घेत अण्णा मला म्हणाले, "बाहेर काढला की आपोआप बंद!"

"काका," पोऱ्या म्हणाला, "फाइल डेस्कटॉपवर ठेवलीय. पुढच्या वर्षी हे आणू नका, नुसते या."

आम्ही स्क्रीनकडे पाहिलं. अख्ख्या गल्लीची आधार आणि पॅनकार्डं तिथे नांदत होती. माझंही होतं.

"या कॉम्प्युटरला पासवर्ड तरी आहे का रे?" अण्णांनी कसाबसा आवाज काढला.

"आहे की. मघाशी तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतात ना? तिथेच चिकटवलाय."